सामाजिक स्टार्टअपचा चेक आणि आमच्या समाजमंदिरातलं मशीन

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र मोबाईलवर टाइप करतेय, शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या. आणि लांब झालंय हे मलाच दिसतंय, कापायचं असेल तर सुरुवातीचं कापा पण शेवटचं ठेवा.

मागच्या आठवड्यात तुमच्या आतल्या पानावर एक फोटो होता. पाच-सहा पोरंपोरी, अंगात एकसारखे टी-शर्ट, हातात तो दरवाज्याएवढा पुठ्ठ्याचा चेक. पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलांनी काढलेल्या सामाजिक स्टार्टअपला, म्हणजे समाजाचं काम धंद्यासारखं चालवायच्या उद्योगाला, बक्षीस अशी बातमी. आयडिया काय, परीक्षक कोण, रक्कम किती सगळं छापलं होतं, फक्त ज्या गावात ही आयडिया करून बघितली त्या गावाचं नाव नव्हतं. "एका दुर्गम गावात" एवढंच. आता मी भूम तालुक्यातल्या अशाच एका "दुर्गम" गावची आहे, आमच्याकडे एसटी दिवसातून चारदा येते, नेटवर्क पण आहे, त्यामुळे दुर्गम म्हटलं की जरा हसूच येतं, पण ते जाऊ द्या.

मी आमच्या बचत गटाची सात वर्षं सचिव होते. आमच्याकडे पण आली होती अशी पोरं. २०१८ चा डिसेंबर असेल, हरभऱ्याच्या खुरपणीचे दिवस. कॉलेजचं नाव घेत नाही कारण पोरं वाईट नव्हती, उलट लई गोड होती, दोघी जणी तर माझ्याच घरी राहिल्या, भाकरी थापायला शिकल्या, एकीला पहिल्या दिवशी विंचू दिसला तर रात्रभर दिवा बंद करू दिला नाही. मॅनेजमेंटची शेवटच्या वर्षाची मुलं. त्यांचा प्रोजेक्ट होता सॅनिटरी पॅड बनवायचं मशीन गटाला द्यायचं, बायकांनी पॅड बनवायचे, गावोगावी विकायचे, बायकांना रोजगार आणि मुलींना आरोग्य. ऐकायला कुणाला वाईट वाटेल?

मशीन आलं. लाकडाचा लगदा मोकळा करायचं एक भांडं, दाबायचा प्रेस, कडा चिकटवायचं एक यंत्र, आणि शेवटी निळ्या लाईटचा डबा ज्यात पॅड निर्जंतुक होतात. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत बसवलं. आठ बायका ट्रेनिंगला बसल्या, तीन महिने अर्धा-अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसाची खुरपणीची मजुरी बुडाली, ती कुणी मोजली नाही, आम्ही पण नाही मोजली त्या वेळी, कारण पुढे रोजगार येणार होता ना. मशीन कॉलेजच्या पैशातून आलं पण कच्च्या मालाला गटाने स्वतःचे चाळीस हजार घातले, अंतर्गत कर्जातून. फेब्रुवारीत त्यांची पुण्यात स्पर्धा झाली, आमच्या दोन बायकांना गाडी करून नेलं, स्टेजवर उभं केलं, टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस. एप्रिलमध्ये परीक्षा, जूनमध्ये सगळ्यांना नोकऱ्या, कुणी बंगळूरला कुणी गुडगावला. व्हॉट्सअपवर आमचा ग्रुप होता त्यात एकेक जण लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट. शेवटी ग्रुपमध्ये आम्ही तिघी आणि एक सर उरलो, ते सर पण फक्त गुड मॉर्निंग टाकायचे.

आता खरी गोष्ट सांगते जी बातमीत कधी येत नाही. आमचा पॅडचा पुडा आठाचा, बत्तीस रुपयाला. त्यांनी प्रेझेंटेशनमध्ये दाखवलं होतं की मोठ्या कंपनीच्या पुड्यापेक्षा हा स्वस्त. बरोबर आहे, कंपनीपेक्षा स्वस्तच होता. पण आमच्याच गल्लीतली आशाताई सरकारी योजनेतला सहा पॅडचा पुडा सहा रुपयाला द्यायची, शाळेतल्या मुलींना अस्मिता योजनेत आठ पॅड पाच रुपयाला मिळायचे, ही योजना त्याच वर्षी ८ मार्चला सुरू झालेली. आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये जनऔषधी दुकानात एक पॅड एक रुपयाला झाला. म्हणजे आमच्या चार रुपयाच्या पॅडसमोर एक रुपयाचा पॅड. सरकारी माल वेळेवर येत नाही, संपला की महिना-महिना येत नाही हे खरं, पण बायका वाट बघतात, नाहीतर जुनं कापड आहेच. हे सगळं त्या पोरांना कळायला काय लागत होतं? आशाताईला विचारलं असतं तरी पुरलं असतं. ती माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहते. सर्व्हेचा फॉर्म अठ्ठावीस प्रश्नांचा होता, मी स्वतः फिरले त्यांच्याबरोबर, त्यात "तुम्ही सध्या काय वापरता" होतं, "त्याला किती पैसे देता" होतं, पण आशाताईचं घर सर्व्हेत आलं नाही कारण ती त्या दिवशी लसीकरणाला गेली होती.

मग लगदा संपला. तो येणार गुजरातच्या व्यापाऱ्याकडून, तो म्हणाला एवढा थोडा माल पाठवत नाही, जास्त घ्या आणि पैसे आधी टाका. त्या दिवाळीत बेल्ट तुटला. नंतर लॉकडाऊन. मशीन अजून तिथंच आहे. गणपतीत त्याच्यावर चादर टाकून पुढे मखर मांडतात, बाहेरून आलेल्याला वाटतं मागे काहीतरी खास डेकोरेशन आहे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल बाईला विद्यार्थ्यांचा राग आहे. नाहीये हो. मला उलट वाटतं की शिकलेल्या पोरांनी नोकरीच्या मागे न लागता असं काही काढलं तर चांगलंच आहे, आणि शिकता-शिकता सुरू केलेल्या गोष्टी टिकतात याची उदाहरणं आहेत आणि ती आपल्या जवळची आहेत. जामखेड आम्हाला खर्ड्यावरून गेलं की जवळच, आमच्या गटाची तिथं एकदा ट्रेनिंगला ट्रिप गेली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. हे दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकायला होते आणि शिकत असतानाच त्यांनी परत येऊन काय करायचं याचा आराखडा केला, १९७० मध्ये जामखेडला खेड्यांतल्या आरोग्याचं काम सुरू केलं. त्या वेळी सोशल एंटरप्राइज हा शब्द आपल्याकडे कुणाला माहीत होता? गावाने स्वतः निवडलेल्या बायका, त्यातल्या कितीतरी न शिकलेल्या, त्यांना आरोग्याचं शिकवलं आणि त्यांच्याच जीवावर सगळं उभं राहिलं. १९७९ ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आमच्या ट्रेनिंगमध्ये जे ऐकलं ते माझ्या डोक्यात राहिलंय, की अमेरिकेला शिकायला जायच्या आधी हे दोघं आपल्याच नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काही वर्षं काम करून गेलेले. खेडं आधी बघितलं, डिग्री नंतर घेतली. आमच्याकडे आलेली पोरं डिग्री संपत आल्यावर आली, आणि खेडं सहा आठवड्यांत उरकायचं होतं.

दुसरे ते सेल्कोवाले हरीश हांडे, कर्नाटकातले सोलरचे. ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात पीएचडी करत होते, मोठमोठ्या सोलर प्लांटवर काहीतरी करायचं चाललं होतं, मग डॉमिनिकन रिपब्लिक नावाच्या देशात गेले तर गरीब लोक स्वतःच्या पैशाने घरावर सोलर बसवताना दिसले, आणि गड्याने विषयच बदलला. श्रीलंकेत वीज नसलेल्या खेड्यात जाऊन राहिले, अभ्यास तिथं केला. १९९५ मध्ये सेल्को काढली, २०११ ला मॅगसेसे. त्यांना म्हणे एका हातगाडीवाल्या बाईने सांगितलं होतं की महिन्याला तीनशे रुपये मला जड जातात पण दिवसाला दहा रुपये देऊ शकते. मला हे वाचून इतकं पटलं, कारण आमच्या गटात आठवड्याची बचत निघते पण महिन्याची निघत नाही, रक्कम तीच. मग त्यांनी ग्रामीण बँकांच्या मागे लागून तसं कर्ज बसवून घेतलं. म्हणजे दिवा विकला त्याच्या आधी हप्ता विकला. आमच्या पॅडवाल्यांनी मशीन आणलं, हप्त्याचा, मालाचा, बाजाराचा विचार पुढच्या बॅचवर सोडला, आणि पुढची बॅच आली ती मशरूम घेऊन आली. खरंच. मशरूम.

आणि अगदी आपल्यातलं सांगायचं तर एस फोर एस टेक्नॉलॉजीज. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या संस्थेत, जुने लोक यूडीसीटी म्हणतात, तिथं शिकणारी पोरं, त्यातले वैभव तिडके आपल्या मराठवाड्याचे. उन्हावर चालणारा ड्रायर केला, वीज लागत नाही, कांदा, आलं, टोमॅटो वाळवायला. २०१३ मध्ये त्यांना अमेरिकेतल्या डेल कंपनीच्या विद्यार्थी स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, म्हणजे त्यांनी पण चेक धरलाच असेल, पण तिथंच थांबले नाहीत. छत्रपती संभाजीनगरकडच्या शेतकरी बायका कर्ज काढून ड्रायर घेतात, वाळवलेला माल कंपनीच विकत घेते आणि पुढे फूड कंपन्यांना देते. फुकट मशीन नाही, आणि मालाला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. २०२३ मध्ये त्यांना अर्थशॉट प्राइज मिळालं, इंग्लंडच्या राजपुत्राचं ते, दहा लाख पौंड. २०१३ ते २०२३. मधली दहा वर्षं पेपरात फारशी आली नाहीत, आली असती तर बरं झालं असतं, कारण खरं शिकण्यासारखं तिथंच असणार. कर्जाचा हप्ता थकला तेव्हा काय केलं, कांद्याचा भाव वाढला आणि बायकांना कच्चाच विकावासा वाटला तेव्हा काय केलं, ढगाळ आठवडा आला तेव्हा काय केलं. हे कुणी लिहीत नाही.

आता माझा मुद्दा. माझी मुलगी पुण्यात समाजकार्याचं एमए करतेय, शेवटचं वर्ष. गेल्या महिन्यात तिचा फोन, आई आमचा ग्रुप एका सोशल स्टार्टअपच्या स्पर्धेत उतरतोय, आपल्या गावात पायलट, म्हणजे आधी छोट्या प्रमाणावर करून बघू का? माझा चेहरा तिला दिसला नाही हे बरं. मी म्हटलं आधी हे सांग, स्पर्धा झाल्यावर पैसे कोण देणार. तर तिने मला तासभर फोनवर सगळं समजावलं, आणि त्यातून मला जे कळलं ते मी तुमच्या वाचकांना सांगायलाच हे पत्र लिहितेय.

बघा, पहिल्या वर्षी स्पर्धा असतात, कॉलेजचं इनक्युबेशन सेंटर, म्हणजे नव्या धंद्यांना सुरुवातीला हात देणारं केंद्र असतं, आयडियाला पैसे मिळतात. मोठ्या झालेल्या संस्थांना कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीचा पैसा मिळतो, कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के द्यावेच लागतात. पण बाहेरच्या संस्थेला सीएसआर घ्यायचा तर नियमात लिहिलंय की त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. ते नवीन सोशल स्टॉक एक्स्चेंज आलंय, समाजकाम करणाऱ्या संस्थांनी लोकांकडून पैसे उभे करायचा बाजार, २०२३ च्या शेवटी बंगळूरच्या एका संस्थेने त्यातून पहिल्यांदा पैसे उभे केले, तिथं पण नोंदणीला संस्था तीन वर्षं जुनी पाहिजे आणि मागच्या वर्षीचा खर्च किमान ५० लाख पाहिजे. पन्नास लाख! आमच्या पॅडच्या गटाची वर्षाची उलाढाल लाखभर सुद्धा झाली नव्हती. मग तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी जिच्यावर एज्युकेशन लोन आहे, घरचे विचारतायत पॅकेज किती, तिने दुसरं आणि तिसरं वर्ष कशावर काढायचं? कलम ८ ची कंपनी, म्हणजे नफा वाटून न घेणारी, काढा म्हणतात, ऑडिट, सीए, रिटर्न, त्याचाच खर्च गावातल्या कामापेक्षा जास्त. साधी प्रायव्हेट लिमिटेड काढली तर देणगीवाले म्हणतात तुम्ही धंदा करताय, धंदेवाले म्हणतात तुम्ही समाजसेवा करताय. पोरं पळून जातात असं मी इतके दिवस म्हणत होते. मुलीने मला गप्प केलं. म्हणाली आई, त्या दोघी ज्या आपल्या घरी राहिल्या त्यातल्या एकीच्या डोक्यावर सात लाखाचं कर्ज होतं, तू कधी विचारलंस? नव्हतं विचारलं. मी पण सर्व्हेत एक घर सोडलंच की.

म्हणून माझं स्पर्धा घेणाऱ्यांना आणि विद्यापीठांना म्हणणं एवढंच आहे की पहिल्या वर्षाला एवढे हार घालू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला डाळभात द्या. बक्षिसाचा मोठा भाग स्टेजवर न देता वर्षभराने द्या, गावात जाऊन काम चालू आहे का बघून द्या, आणि ते बघायला येणारा माणूस कॉलेजचा नको, गटाच्या बायकांना विचारा. काही आयआयटीत म्हणे अशी सोय आहे की मुलाने स्टार्टअप काढला आणि नाही चालला तर एक-दोन वर्षांनी परत येऊन कॅम्पस प्लेसमेंटला बसता येतं. किती साधी गोष्ट आहे. ती आयआयटीच्या पोरांनाच का, ज्यांना नोकरीची तशीही कमी नाही? आमच्या धाराशिव, लातूर, नांदेडच्या एमएसडब्ल्यूवाल्या, एमबीएवाल्या पोरांना ही सोय दिली तर निम्म्या जणांच्या आईबापांचा जीव भांड्यात पडेल, माझा पण.

आणि एक कागद. मशीन गावात ठेवायचं असेल तर ते कुणाच्या मालकीचं, बिघडलं तर कोण दुरुस्त करणार, सुटा भाग कुठं मिळतो, पोरं गेल्यावर फोन कुणाला करायचा, हे मराठीत एका पानावर लिहून गटाला द्या. आमच्या मशीनची पावती कॉलेजच्या नावावर आहे म्हणून आम्ही ते भंगारात पण घालू शकत नाही. एकदा सरांना विचारलं तर म्हणाले ॲसेट रजिस्टरला आहे, हात लावू नका. वर बायकांच्या अर्ध्या दिवसाचे पैसे पण बजेटमध्ये लावा. पेट्रोलचं बिल लागतं, टी-शर्टचं लागतं, मग खुरपं बाजूला ठेवून ट्रेनिंगला बसलेल्या बाईचं का नाही लागत? चाळीस हजार आम्ही फेडले, व्याजासकट, दोन वर्षं लागली. ज्या दोघींना स्टेजवर नेलं होतं त्यातल्या एकीला अजून गावात लोक चेष्टेने "पहिलं बक्षीस" म्हणून हाक मारतात, ती हसते, पण गटाच्या मीटिंगला येत नाही आता.

तुमच्या वार्ताहरांना पण एक विनंती. चेकचा फोटो छापता तसा दोन वर्षांनी त्याच गावात जाऊन एक फोटो छापा. जे चालू असेल त्याचं कौतुक करा, बंद असेल तर का बंद पडलं ते पोरांनाच लिहायला सांगा. बंद पडलेल्याची लाज वाटायची गरज नाही, शेतीत दर तिसऱ्या वर्षी पीक जातं, आम्ही काय तोंड लपवून बसतो का.

मुलगी दिवाळीत आली होती, ग्रुपमधल्या दोन मैत्रिणी घेऊन. मी अट घातली होती की लॅपटॉप उघडायचा नाही आणि फॉर्म भरायचा नाही. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या आहेत हे तुम्हाला माहीत असेल, कुंथलगिरीचा पेढा आमच्याच तालुक्यातला. तर त्यांना सलग आठ दिवस पहाटे भट्टीवर बसवलं. धूर, डोळ्यातून पाणी, कढईत दूध सारखं हलवत राहायचं, हात थांबला की खाली लागतं, चार-पाच लिटर दुधाचा कसाबसा किलोभर खवा. तिसऱ्या दिवशी एकीचा हात सुजला. पाचव्या दिवशी त्यांनी पहिला बरा प्रश्न विचारला, की लाकडाला महिन्याला किती जातात आणि खव्याचा भाव कोण ठरवतं. भट्टीवाली म्हणाली, लाकडाचं मी सांगते, भावाचं सोलापूरला जाणाऱ्या गाडीवाल्याला विचारा. सहाव्या दिवशी तिघी त्या गाडीत बसून गेल्या आणि रात्री उशिरा आल्या, काय कळलं ते मला अजून सांगितलेलं नाही, नुसतं वहीत लिहितायत. स्पर्धेची तारीख तर निघून गेली. मी विचारलं वाईट वाटतंय का, तर म्हणाली हो, थोडं.

निघायच्या दिवशी तिने समाजमंदिराची किल्ली मागितली. ती माझ्याकडेच असते. तासभर आत होत्या, चादर काढून. बाहेर आल्यावर म्हणाली, आई बेल्टवरचा नंबर पुसलाय, पण पुलीचं माप घेतलंय, पुण्यात बघते मिळतो का.

आपली,
बचत गटाची माजी सचिव, भूम, जि. धाराशिव
(नाव छापू नये ही विनंती. गावात सगळे ओळखतात आणि सर अजून ग्रुपवर आहेत.)